कर्माचे खाते आणि बार्शीची नोंदवही

1987 साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली 346 गावे तिच्या कक्षेत आली. शहरातल्या नोंदणीला रुग्णालयांचे कागद चाळले की बरेचसे काम भागते. इथे तसे भागणार नव्हते, कारण खेड्यातला रुग्ण रुग्णालयाच्या दारापर्यंत येतच नसे. म्हणून नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, लक्षणे समजावून सांगितली, संशयित रुग्णांना बार्शीला आणले आणि मगच नोंदी केल्या. या भागातल्या बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग गर्भाशयाच्या मुखाचा, म्हणजे बायका ज्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात तो, हे त्या नोंदींतून पुढे आले. या कर्करोगाचे कारण आज निर्विवाद ठाऊक आहे. ह्यूमन पॅपिलोमा, अर्थात एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षे टिकून राहिला की तो होतो, आणि हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. तेव्हा बार्शीच्या नोंदवहीत स्त्रियांच्या रकान्यात सर्वांत वर जे नाव होते ते एका लैंगिक संसर्गाच्या शेवटच्या टप्प्याचे होते. तरीही त्याला कुणी गुप्तरोग म्हटले नाही. कॅन्सर झाला की भावकी भेटायला येते, हळहळते, ‘तिनं कुणाचं काय वाईट केलं होतं?’ असे विचारते. गरमी, परमा किंवा एचआयव्हीचे नाव निघाले की तीच माणसे ‘केलं तसं भोगलं’ म्हणून मोकळी होतात. वरवर पाहता एक बोलणे करुणेचे आणि दुसरे तिरस्काराचे. पण दोन्हींच्या मुळाशी गृहीतक एकच, की रोग म्हणजे कुणीतरी दिलेला निकाल. पहिल्या वेळी तो चुकला असे वाटते, दुसऱ्या वेळी बरोबर लागला असे वाटते. एचपीव्ही मात्र दोन्ही वर्गांत एकाच वेळी बसतो, त्यामुळे या गृहीतकाची परीक्षा घ्यायला त्याच्याइतके सोयीचे उदाहरण सापडणार नाही. ते गृहीतक टिकत नाही, एवढेच मला इथे दाखवायचे आहे.

या रोगाचा शोधच एका अशा निरीक्षणापासून सुरू झाला की नीतीच्या कैवाऱ्यांना ते हवेहवेसे वाटावे. 1842 मध्ये रिगोनी-स्टर्न या इटालियन डॉक्टरने व्हेरोना शहरातल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. गर्भाशयाच्या कर्करोगाने दगावणाऱ्यांत विवाहित आणि विधवा स्त्रिया पुष्कळ होत्या, मठातल्या जोगिणी फारच थोड्या. पुढे 1983-84 मध्ये हाराल्ड त्सूर हाउझन यांनी या कर्करोगाच्या पेशींत एचपीव्हीचे 16 आणि 18 हे प्रकार शोधून काढले, आणि 2008 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. जगातल्या या कर्करोगांपैकी सुमारे 70 टक्के याच दोन प्रकारांमुळे होतात. ब्रह्मचारिणींना होत नाही, संसारी बायकांना होतो, एवढ्यावरून ‘संयमाचे फळ’ असा निष्कर्ष काढायला वेळ लागत नाही. पण व्हेरोनाच्या नोंदींत जोगिणींच्या समोर ज्या उभ्या होत्या त्या लग्नाच्या बायका होत्या. समाजाने आणि धर्माने सांगितले तेच त्यांनी केले होते. एकाच पुरुषाशी आयुष्यभर संसार केलेल्या बाईला हा विषाणू मिळू शकतो, कारण तो नवऱ्याकडे आधीपासून असू शकतो, आणि नवऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. पुरुषांच्या शरीरात तो बहुधा काही लक्षण दाखवत नाही, आणि पुरुषांसाठी नेहमीच्या वापरातली मान्य तपासणीही नाही.

तो किती सर्रास आढळतो याचा पुरावा बार्शीजवळच मिळाला. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून एक मोठी चाचणी झाली. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑन इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती केली, बार्शीकडून डॉ. बी. एम. नेने तिच्यात अग्रभागी होते. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया तिच्यात होत्या. ज्यांची एचपीव्हीसाठी तपासणी झाली त्यांच्यातल्या 10.3 टक्के बायकांत तो सापडला. दहातली एक! परांड्याकडच्या, तुळजापूरकडच्या खेड्यांतल्या या शेतकरी, मजूर बायका. दहातल्या एकीने काही पाप केले असेल असे म्हणायला जी हिंमत लागते ती सर्वांत कडक कीर्तनकाराकडेही नसावी. आणि त्या दहाव्या बाईलाही कर्करोग होईलच असे नाही. बहुतेकींच्या शरीरातून विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींत तो मुक्काम ठोकतो, आणि तिथून कर्करोगापर्यंतचा प्रवास दहा-वीस वर्षांचा, अगदी बार्शी लाइट रेल्वेच्या चालीने होतो. ही संथ चालच वैद्यकाची संधी आहे: वाटेत कुठेही गाडी थांबवता येते. निकाल म्हणून पाहिले तर मात्र हा प्रकार फारच विचित्र दिसतो. शंभर जणींवर आरोप, नव्वद-पंचाण्णव जणींना गुपचूप माफी, उरलेल्यांना वीस वर्षांनी शिक्षा, आणि आरोप काय होता ते कुणालाच माहीत नाही.

कर्मविपाकावर श्रद्धा असलेला वाचक इथे म्हणेल की हा हिशोब या जन्माचा नसतोच. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्याच्या मागे मोठी परंपरा उभी आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात कोणत्या पापाने पुढे कोणता देहदोष येतो याची यादी आहे. सोने चोरणाऱ्याची नखे बिघडतात, मद्यप्याचे दात काळे पडतात, ब्रह्मघातक्याला क्षय होतो, गुरुपत्नीशी संग करणाऱ्याला त्वचारोग. पूर्वजन्मीचे खाते खोटे आहे हे कुणाला सिद्ध करता येणार नाही आणि मला ते करायचेही नाही. माझे म्हणणे एवढेच, की ते खाते असलेच तर शेजाऱ्याला वाचता येत नाही. गीतेतला श्रीकृष्णसुद्धा कर्माची गती सहज उमगणारी नाही असेच अर्जुनाला सांगतो; मग ती शेजारच्या आळीतल्या बाईबद्दल आपल्याला नेमकी उमगते कशी? कर्मसिद्धान्त हा माणसाने स्वतःच्या वागण्याकडे पाहण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या अंगावरचे व्रण पाहून त्याचे चारित्र्य ताडण्याचा परवाना त्यातून कुणाला मिळत नाही. शिवाय पूर्वजन्म कारण मानला तरी आज काय करायचे या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळत नाही. चरकाने हे दोन हजार वर्षांपूर्वी ओळखले होते. त्याच्या संहितेतल्या विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात आयुष्य ठरलेले असते की नसते हा वाद येतो. तिथला युक्तिवाद असा आहे की सगळे आधीच ठरलेले असते तर कुणी औषध घेतले नसते, मंत्र म्हटले नसते, आणि पिसाळलेला हत्ती दिसल्यावर वाट सोडून पळालाही नसता. दैव आणि पुरुषकार दोन्ही मानून चरक वैद्याला कामाला लावतो.

त्याच ग्रंथात याहून बोलके एक स्थळ आहे. क्षयाच्या चिकित्सेचा अध्याय चरक चंद्राच्या कथेने उघडतो. प्रजापतीच्या मुलींशी चंद्राचे लग्न झाले, पण तो एकट्या रोहिणीत गुंतला. बाकीच्या बायकांची उपेक्षा झाली, प्रजापती कोपला आणि चंद्राला राजयक्ष्मा जडला. कामासक्तीमुळे शाप आणि शापामुळे रोग, असे सरळ नीतिकथेचे गणित. पण कथा तिथे संपत नाही. चंद्र शरण जातो आणि अश्विनीकुमार त्याच्यावर उपचार करतात. देवांचे हे वैद्य त्याला रोहिणीबद्दल एक अक्षर विचारत नाहीत. आणि कथा आटोपल्यावर चरक माणसांच्या क्षयाची कारणे देतो तेव्हा ती वेगळीच असतात: झेपणार नाही असे श्रम, मलमूत्रादी वेग अडवणे, शरीरातल्या धातूंची झीज, अनियमित आहार. त्यातली झीज अतिसंभोगानेही होते असे तो म्हणतो, पण ते पाप म्हणून नाही, कारण म्हणून. पुराण त्याने टाकून दिले नाही, आणि रुग्णाच्या नाडीवर ते लादलेही नाही. आपल्याकडच्या बऱ्याच आधुनिक सल्लागारांना हे साधलेले नाही.

बार्शीपुरते बोलायचे तर या गावाचे दैवत असलेला भगवंतच ‘भोगतो तो दोषी’ या समीकरणाला छेद देतो. पंढरपूरची एकादशी करून बार्शीला द्वादशीचे पारणे करणाऱ्या वारकऱ्याला अंबरीषाची गोष्ट सांगावी लागत नाही. व्रत मोडू नये म्हणून राजाने पाहुण्या दुर्वासांच्या आधी पारण्याची वेळ साधली, दुर्वासांनी तो अपमान मानला आणि त्याला गर्भवासाचा शाप दिला. राजाचा अपराध काहीच नव्हता. तो शाप विष्णूने आपल्या अंगावर घेतला आणि भक्तासाठी जन्म सोसले, अशी ही परंपरा सांगते. या कथेत शाप देणारा रागीट आहे, ज्याला शाप मिळाला तो निर्दोष आहे, आणि जो शाप भोगतो तो प्रत्यक्ष भगवंत. भोगणाऱ्याकडे बोट दाखवायला जागाच उरत नाही. पंढरपुरात ‘पालवी’ प्रकल्पात एचआयव्ही घेऊन जन्मलेली मुले वाढली आहेत. त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहायचे याचे उत्तर भगवंताच्या देवळात जितके सापडते तितके मनूच्या यादीत सापडत नाही.

आता व्यवहारी आक्षेप. रोगाची भीती आणि लाज काढून टाकली तर तरुण पोरे मोकाट सुटतील, समाजाला धाक हवाच, असे पुष्कळ सज्जन माणसे मनापासून मानतात. धाकाचा परिणाम काय होतो हे मोजून पाहता येते. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. 92 टक्के बायकांना जननेंद्रियांचा एक ना एक आजार होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या बायका फक्त 8 टक्के. लाजेने रोग थांबवला नव्हता, डॉक्टर तेवढा थांबवला होता. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, संबंधानंतर रक्त दिसणे हे सगळे बाईच्या जन्मासोबत येते असे समजून त्या सोसत होत्या. बार्शीच्या बाजूला याचा उलटा पुरावा आहे. नोंदणीच्या कार्यकर्त्यांनी गावात येऊन ‘पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले तर दाखवा’ एवढे साधे सांगायला सुरुवात केली, आणि काही वर्षांतच पिशवीच्या तोंडाचे कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडू लागले. डॉ. कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये हा बदल प्रसिद्ध केला. ना यंत्र, ना नवे औषध. नुसते मोकळे बोलणे. असे बोलण्यासाठी र. धों. कर्व्यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल 1934 मध्ये त्यांच्यावर खटला भरला गेला. त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली, पण खटला ते हरले. धाकाच्या समर्थकांचा तेव्हा जय झाला. त्यामुळे त्या पिढीत गुप्तरोग कमी झाले, असा पुरावा मात्र कुणी पुढे केलेला नाही.

तरी या आक्षेपात एक खरी गोष्ट दडली आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. वागण्याचा आणि या रोगांचा संबंध आहेच. जोडीदार जितके जास्त तितकी संसर्गाची शक्यता जास्त. निरोधाने ती बरीच घटते, एचपीव्हीत मात्र पूर्ण जात नाही, कारण तो त्वचेच्या स्पर्शानेही जातो. मग जबाबदारी नाही का? आहे, पण ती पुढच्या माणसाबद्दलची आहे. मागच्या कृत्याची किंमत वसूल करणे वेगळे आणि माझ्यामुळे दुसऱ्याला रोग होऊ नये म्हणून काही करणे वेगळे. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा’ क्लिनिकमध्ये हा फरक अगदी हातात धरता येतो. तिथे गोळ्यांचे संच रंगांवरून ओळखतात. लघवीच्या मार्गातून स्राव होत असेल तर करड्या रंगाचा, अशी विभागणी. आणि उपचार एकट्याचा नसतो, जोडीदारालाही औषध द्यावे लागते, नाहीतर बरी झालेली बाई महिन्याभरात पुन्हा तिथेच. वैद्यक इथे नवराबायकोला एकच रुग्ण मानते. ‘तुझ्यामुळे की माझ्यामुळे?’ हा वाद सुरू झाला की नवऱ्याच्या वाटची गोळ्यांची पुडी घरात पडून राहते. लाजेचे ओझेही सारखे वाटले जात नाही. ज्याच्याकडून रोग आला त्याला लक्षण नसते म्हणून तो सुटतो आणि जिला लक्षण दिसते ती घराण्याला बट्टा लावणारी ठरते. एचआयव्हीने नवरा गेल्यावर सासरच्यांनी घराबाहेर काढलेल्या विधवा या राज्याने थोड्या पाहिलेल्या नाहीत.

दोष हा शब्दच टाकून द्यावा असे मला म्हणायचे नाही. तो लागू व्हायला दोन अटी आहेत: माणसाला ठाऊक असले पाहिजे, आणि त्याच्या हातात काही करणे असले पाहिजे. विषाणू नेणाऱ्या नवऱ्याला ठाऊक नसते, बाईच्या हातात नसते. मग ठाऊक कुणाला होते आणि हातात कुणाच्या? उस्मानाबादच्या चाचणीचे आकडे हा प्रश्न टोकदार करतात. तिथे गावांचे 52 गट पाडून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भागांत वाटले होते. एका भागात एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून पाहणे (बिघडलेली जागा मिनिटभरात पांढरी पडते), आणि चौथ्यात नेहमीची सेवा, म्हणजे तपासणी नाही. 2009 मध्ये निकाल आला तेव्हा एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने 34 मृत्यू झाले होते आणि तपासणी नसलेल्या गटात 64, जरी दोन्ही गट साधारण सारख्या आकाराचे होते. एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ज्या जास्तीच्या बायका गेल्या त्यांच्यात आणि वाचलेल्यांत चारित्र्याचा काहीही फरक नव्हता. गाव कुठल्या गटात पडले एवढाच फरक होता. या चाचणीवर कडक टीका झाली. तपासणीने जीव वाचतात हे श्रीमंत देशांना आधीच ठाऊक असताना हजारो बायकांना तपासणीविना का ठेवले, असा टीकाकारांचा सवाल होता. संशोधकांचे उत्तर असे की त्या भागात तपासणीची कसलीच सोय नव्हती, आणि भारतातल्या खेड्यात काय चालेल हे अनुभवाशिवाय कळणार नव्हते. मला या उत्तरात तथ्य वाटते, पण ते पुरेसे वाटत नाही; सोय नव्हती हे खरे, पण ती नसणे हा कुणाचा तरी निर्णय होता. चरकाचा तोच विमानस्थानातला अध्याय इथे पुन्हा उपयोगी पडतो. एकाच वेळी पुष्कळ लोकांना रोग का होतो याचे कारण सांगताना तो अधर्माचे नाव घेतो खरे, पण तो अधर्म देशाच्या, नगराच्या प्रमुखांपासून सुरू होतो असे सांगतो. भारतात दर वर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा टाळता येणारा कर्करोग होतो आणि पाऊण लाखाहून जास्त जातात. चरकाच्या मापाने दोष शोधायचा तर तो कोणत्या दारी जातो हे स्पष्ट आहे.

लशीच्या बाबतीत हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. 2009 मध्ये बार्शीसह देशातल्या अनेक केंद्रांत मुलींना एचपीव्हीची लस दोन मात्रांत पुरते की तीन लागतात हे पाहणारा अभ्यास सुरू झाला. त्याच सुमारास तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा इथल्या एका वेगळ्या लस प्रकल्पात काही मुली दगावल्या. त्यांच्या मृत्यूचा लशीशी बहुधा संबंध नसावा असे चौकशीत ठरले, पण पालकांच्या जागी वसतिगृहांच्या प्रमुखांनी सह्या करण्यासारखे संमतीचे गंभीर घोटाळे उघड झाले. एप्रिल 2010 मध्ये सरकारने सगळ्याच अभ्यासांतले लसीकरण थांबवले. त्यामुळे सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. पुढच्या दहा वर्षांत त्यांचा पाठपुरावा झाला तेव्हा 16 आणि 18 या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एक मात्राही जवळजवळ तेवढेच संरक्षण देते असे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांत बार्शीच्या मुलीही आहेत. त्याच वर्षी पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या देशी लशीला परवाना मिळाला.

नऊ ते चौदा वर्षांच्या मुलीला ही लस द्यावी म्हटले की आईवडील बिचकतात, ‘आमची मुलगी तशी नाही’ म्हणतात. लस घेतल्याने मुलींचे लैंगिक वर्तन बदलत नाही हे परदेशांतल्या अभ्यासांनी दाखवले आहे, पण तो पुरावा त्यांच्या मनातल्या खऱ्या अडचणीला हात घालत नाही. लस घेणे म्हणजे भविष्यातला आरोप आधीच कबूल करणे, असे त्यांना वाटते. मुलीचे लग्न होणार, आणि ज्याच्याशी होणार त्याच्याकडे हा विषाणू असू शकतो, एवढे एक वाक्य त्यांना कुणी सांगितलेले नसते. सिरमच्या लशीला मुलग्यांसाठीही परवाना आहे. सरकारी बोलण्यात मात्र मुलींचाच उल्लेख असतो. 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पातही तो नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींपुरताच होता. पैसा आणि मात्रा कमी असताना आधी मुलींना द्यावी हे पटण्यासारखे आहे, कारण पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर त्यांनाच होतो. पण मात्रा पुरेशा झाल्यावरही मुलगे यादीबाहेर राहिले, तर त्याला काटकसर म्हणणे मला जमणार नाही.